दिव्याच्या अवसेला सुरुवात करा, गौरीपर्यंत पुरणपोळी जमते

दरवर्षी गणपतीच्या आदल्या संध्याकाळी ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा तरी मेसेज येतोच, उद्या पहिल्यांदाच उकडीचे मोदक करायचेत, पटकन सांग ना कसे करायचे. मी सांगतेच, पण मनापासून वाटतं की हाच मेसेज महिनाभर आधी आला असता तर किती बरं झालं असतं. कारण मोदक हा पहिल्यांदा करायचा पदार्थ नाहीच मुळी, तो क्रमाने चौथा करायचा आहे, आणि पुरणपोळी पाचवी. आधीचे तीन साधे पदार्थ हातातून गेले की हे दोन्ही जमतात, आणि ते न करता डायरेक्ट मोदकाला हात घातला की उकड फाटते, सारण बाहेर येतं, तिकडे आरती होऊन सगळे नैवेद्यासाठी थांबलेले असतात.

आपल्या सणांचा क्रम बघा. आषाढ अमावस्या म्हणजे दिव्याची अवस, त्या दिवशी कणकेचे गोड दिवे. मग पाच दिवसांनी नागपंचमी, पुरणाचे दिंड. श्रावणी पौर्णिमेला नारळीभात. भाद्रपद चतुर्थीला मोदक आणि पाठोपाठ गौरीजेवणाला पुरणपोळी. सगळं मिळून साधारण सव्वा महिना. दिव्यात तुम्ही वाफवायला शिकता, दिंडात पुरण, नारळीभातात नारळ आणि गुळाचं प्रमाण, मोदकात फक्त उकड नवीन असते आणि पुरणपोळीत फक्त लाटणं नवीन असतं. एका वेळी एकच नवी गोष्ट, म्हणून टेन्शन येत नाही.

हे सगळं मी पुण्यात राहून पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी लिहितेय, म्हणजे नवीन लग्न झालेलं जोडपं असेल, हिंजवडी-वाकडला फ्लॅट शेअर करून राहणारी मुलं-मुली असतील, किंवा घरात आजवर आई करायची म्हणून कधी वेळच आली नाही असे कोणी. मुलांनीही करा, उकड मळायला आणि पुरण वाटायला हातात जोर लागतो, तिथे तुमचा फायदाच आहे.

आधी सामान

फार काही लागत नाही. एक मोदकपात्र (नसेल तर इडलीपात्र किंवा मोठ्या पातेल्यात चाळण ठेवून चालतं), एक पुरणयंत्र, एक जाड बुडाची कढई, परात, पोळपाट-लाटणं आणि नारळ खवायला विळी किंवा हाताने फिरवायची खवणी. हे सगळं तुळशीबागेत एका फेरीत मिळतं, फक्त गणपतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते, आषाढातच जाऊन या. पुरणयंत्र घेताना दांडा फिरवून बघा, खाली जाळीला घासून फिरलं पाहिजे, मधे फट राहिली तर पुरण गोल गोल फिरत राहतं आणि खाली उतरत नाही. जाळ्या दोन-तीन मिळतात, बारीक भोकांची पुरणाला. पितळेचं जुनं पातेलं घरात असेल तर वापरा पण आतून कल्हई केलेली आहे ना ते बघा, नसेल तर स्टीलचं बरं.

गूळ हा सगळ्यात महत्त्वाचा. साधा, मऊ, सुरीने सहज चिरला जाणारा गूळ घ्या, कोल्हापुरी मिळाला तर उत्तम, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. चिक्कीचा गूळ म्हणून जो वेगळा मिळतो तो यातल्या कशालाच घेऊ नका, तो तिळाच्या लाडवांना आणि चिक्कीला, त्याचं सारण गार झालं की दगडासारखं घट्ट बसतं. गूळ चिरून किंवा किसूनच वाटीने मोजा, खडे टाकून मोजलं तर वाटीत नक्की किती मावला ते कळत नाही.

आणि वाटी एकच ठेवा. आमटीची साधी वाटी, १५० ते २०० मिलीची कुठलीही, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच. ऑनलाइन रेसिपीत कप असतात, घरात तीन आकाराच्या वाट्या असतात, आणि नवीन माणसाचं निम्मं गणित तिथेच चुकतं.

दिव्याची अवस: कणकेचे दिवे

अर्धी वाटी पाण्यात पाऊण वाटी गूळ घालून नुसता विरघळेपर्यंत गरम करा, उकळत बसू नका, पाक करायचा नाहीये. गाळून घ्या, गुळात कधीकधी खडा किंवा चिपाडाचा तुकडा निघतो. गार झालं की दीड वाटी कणकेत २ चमचे तूप चोळून, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड घालून या पाण्याने घट्ट मळा, पाणी एकदम सगळं ओतू नका, पिठाने मागितलं तसं द्या. १५ मिनिटं झाकून ठेवा, मग लिंबाएवढे गोळे घेऊन अंगठ्याने मधे खोलगट दाबून पणतीचा आकार द्या. चाळणीला तुपाचा हात लावून १५ मिनिटं वाफवा. सुरी टोचून बघा, कोरडी निघाली की झाले. वर साजूक तूप ओतून गरमच खायचे.

यात शिकायचंय ते वाफेचं. खालचं पाणी आधी खळखळ उकळलं पाहिजे, मगच चाळण ठेवायची. थंड पाण्यावर ठेवलं तर पदार्थ चिकट होतो. झाकणाला आतून पंचा बांधला की झाकणाचं पाणी पदार्थावर टपकत नाही. आणि मधे मधे झाकण उघडून बघायचं नाही, हे सगळ्यात अवघड जातं लोकांना.

नागपंचमी: दिंड, म्हणजे पुरणाची पहिली ओळख

नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही अशी रीत बऱ्याच घरांत आहे, म्हणून पुरण भरून वाफवलेले दिंड करतात. नवशिक्यांना यापेक्षा चांगलं काही नाही. पुरण तेच पुरणपोळीचं, पण ते भरलेली पोळी लाटायची भीती नाही. पुण्यात हल्ली खूप घरांत हे मागे पडलंय याचं मला फार वाईट वाटतं, कारण दिंड केले की पुरणपोळीचं निम्मं काम झालेलं असतं.

१ वाटी हरभऱ्याची डाळ धुऊन दोन तास भिजवा. कुकरमध्ये तिप्पट पाणी, अर्धा चमचा तेल, चिमूटभर हळद आणि ४-५ शिट्ट्या. डाळ दोन बोटांत धरून दाबली की गिळगिळीत झाली पाहिजे, मधे कणी लागता कामा नये. हे नीट बघा, कारण एकदा गूळ पडला की त्यानंतर डाळ कितीही शिजवा, ती मऊ होत नाही. कणी लागतेय अशी शंका आली तरी अजून दोन शिट्ट्या काढा.

मग डाळ चाळणीत ओतून पाणी पूर्ण निथळू द्या. हे पाणी म्हणजे कट, फेकायचं नाही, याची आमटी होते, ती पुढे सांगते. निथळलेली डाळ कढईत घेऊन १ वाटी गूळ घाला. गोड कमी आवडत असेल तर पाऊण, पण त्याच्या खाली जाऊ नका, पुरण कोरडं आणि भुसभुशीत होतं. गूळ घातल्यावर सगळं एकदम पातळ होईल, घाबरू नका, ते व्हायचंच असतं. मध्यम आचेवर सतत ढवळत राहा, तळाला लागू देऊ नका, लागलं की तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही. थोड्या वेळाने त्याचे बुडबुडे फुटायला लागतात, अंगावर उडतात, तेव्हा लांब दांड्याचा झारा घ्या. हळूहळू पुरण कढईच्या कडा सोडतं, मधे उलथनं उभं करून हात सोडा. ते आडवं पडलं तर अजून थांबा, सरळ उभं राहिलं की गॅस बंद. ही खूण सोडून मिनिटांच्या मागे लागू नका, डाळीत पाणी किती राहिलंय त्यावर १० मिनिटंही लागतील नाहीतर २० सुद्धा.

वेलची, जायफळ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं तर दांडा फिरता फिरत नाही. मिक्सरमध्ये करू का असं सगळे विचारतात, तर मिक्सरमध्ये ते चिकट होतं आणि कुठेतरी अख्खी डाळ राहतेच, दिंडाला चालून जाईल पण पोळीला ती एक डाळ पोळी फोडते.

दिंडाला कणीक नेहमीच्या पोळीपेक्षा थोडी घट्ट, चमचाभर तेलाचं मोहन आणि मीठ घालून. पुरीएवढं लाटायचं, मधे चमचाभर पुरण चौकोनी ठेवायचं, चारही बाजू त्यावर दुमडायच्या आणि दुमडलेली बाजू खाली करून १२ मिनिटं वाफवायचं. तूप भरपूर.

नारळी पौर्णिमा

नारळीभात पटकन सांगते कारण तो सोपा आहे, एकच जागा सांभाळायची आहे. १ वाटी तांदूळ (बासमती घ्या, आंबेमोहर वासाला सुंदर पण पहिल्यांदा करणाऱ्याचा गोळा होतो) धुऊन अर्धा तास निथळा, तुपात ४ लवंगांवर परता, दोन वाट्या गरम पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मोकळा भात करा. तो परातीत पसरून गार करा. १ वाटी खवलेला नारळ आणि १ वाटी चिरलेला गूळ एकत्र करून भातात हलक्या हाताने मिसळा, केशर, काजू, बेदाणे घाला, आणि जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून, मंद आचेवर झाकून १५ मिनिटं वाफ येऊ द्या. गूळ आधी पाघळतो, भात ओला दिसतो, मग तो शोषून घेतो.

सांभाळायचं ते हे की भात आधी पूर्ण शिजलेला हवा. डाळीचं जे झालं तेच तांदळाचं, गूळ लागला की शीत ताठ होतं, राहिलेली कसर नंतर भरून निघत नाही.

नारळाबद्दल: खवताना काळी पाठ येऊ देऊ नका, पांढरं तेवढंच घ्या. मंडईत नारळ घेताना हलवून पाणी वाजतंय ना बघायचं आणि डोळ्यांजवळ ओल किंवा बुरशी नाही ना बघायचं. एका मध्यम नारळाचं दोन वाट्या खोबरं निघतं, तेवढंच एका वाटी पिठीच्या मोदकांना लागतं.

चतुर्थी: उकडीचे मोदक

आता इथे सावकाश वाचा.

सारण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, उलट सोयीचं पडतं. २ वाट्या खवलेला नारळ, १ वाटी गूळ, कढईत एकत्र करून मंद आचेवर. नारळीभातात बघितलंत तसाच गूळ आधी पाघळेल, मग आळायला लागेल. ८-१० मिनिटांत सारण एकत्र गोळा व्हायला लागतं पण अजून ओलसर चमक असते, तिथेच बंद करा. पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर ते कडक होतं आणि मोदकात खडे लागतात. ओलं राहिलं तर उलट, पारी (म्हणजे मोदकाचं बाहेरचं आवरण) भिजून मोदक फुटतो. बंद करताना थोडं सैल वाटलं पाहिजे, गार होताना ते आळतंच. मग चमचाभर भाजलेली खसखस, वेलची, थोडं जायफळ.

पिठी. आंबेमोहर मुळशी-मावळातला, आपल्या जवळचाच, त्याची पिठी वासाला आणि मऊपणाला दोन्ही छान. घरी करायची तर तांदूळ दोन-तीनदा धुऊन, सावलीत पंचावर वाळवून, गिरणीतून अगदी बारीक दळून आणायचा. गिरणीवाल्यांना सांगा की तांदळावर तांदूळच दळा, गव्हानंतर लगेच टाकला तर पिठीत कणीक मिसळते. तयार मोदक पिठी किराणा दुकानांत मिळते, पहिल्या वर्षी तीच घ्या, काही कमीपणा नाही. फक्त भाकरीचं तांदळाचं पीठ मोदक पिठी समजून आणू नका, ते जाडसर असतं, पारी चिरत जाते.

उकडीचं कारण आधी समजून घ्या म्हणजे पुढचं लक्षात राहतं. गव्हाची कणीक थंड पाण्यात मळली तरी ताणली जाते, कारण तिच्यात ग्लूटेन असतं. तांदळात ते नसतं. म्हणून तांदळाची पिठी उकळत्या पाण्यात शिजवावी लागते, तेव्हा कुठे ती एकमेकांना धरते. म्हणजे पाणी नीट उकळलेलं नसेल किंवा वाफ नीट बसली नसेल तर नंतर कितीही मळा, फाटणारच.

१ वाटी पिठीला १ वाटी पाणी. पिठी खूप जुनी, कोरडी असेल तर वर २-३ चमचे जास्त. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप किंवा लोणी, पाणी खळखळ उकळलं की गॅस बारीक करून पिठी एकदम घाला, लाकडी चमच्याच्या दांड्याने भराभर ढवळा, कोरडं पीठ दिसता कामा नये. झाकण ठेवून २ मिनिटं बारीक गॅसवर, मग बंद करून ५ मिनिटं तसंच. झाकण उघडायचं नाही, दिव्यांचा नियम इथेही.

मग परातीत काढा आणि गरम असतानाच मळा. हात पोळतात हे खरंय, बाजूला वाटीत गार पाणी आणि थोडं तेल ठेवा, हात बुडवत बुडवत मळा, किंवा सुरुवातीला वाटीच्या बुडाने रगडा. पाच-सात मिनिटं चांगली मळल्यावर गोळा गुळगुळीत होतो. थोडीशी उकड घेऊन हातावर चपटी करून बघा, कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून अजून मळा, चिरा नाही पडल्या तर तयार. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा आणि एका वेळी एकच गोळा बाहेर काढा.

पारी करायची ती लाटून नाही, हातावर. लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा, बोटांना तेल-पाणी लावून दोन्ही अंगठे आत आणि बाकी बोटं बाहेर अशी वाटी फिरवत फिरवत पातळ करायची, कडा पातळ आणि मधला तळ किंचित जाड, कारण सारणाचं वजन तळावर येतं. मग अंगठा आणि पहिल्या बोटाने कडेला चिमटे काढत जायचं, जवळजवळ, आणि प्रत्येक चिमटा खालपर्यंत ओढायचा. नवीन लोकांच्या पाकळ्या फक्त वरच्या काठाला असतात म्हणून मोदक बंद केला की नुसता गोळा दिसतो. पहिल्या दिवशी ७-८ पाकळ्या पडल्या तरी पुष्कळ झाल्या. सारण भरून, खालून हाताने आधार देत, सगळ्या पाकळ्या हलकेच एकत्र आणून टोक काढायचं. दाबायचं नाही, मोदक तळहातावर फिरवत फिरवत मिटायचा.

हे नाहीच जमलं तर साचा आहे, तुपाचा हात लावलेला, त्यात उकड दाबून सारण भरायचं. बाप्पाला चालतो. पण दोन-तीन तरी हाताने करा, कारण हात बसतो तो असाच.

मोदकपात्रात हळदीचं पान घाला, गणपतीच्या दिवसांत मंडईत मिळतं, त्याचा वास सारणापर्यंत जातो. नाहीतर केळीचं पान, तेही नसेल तर ओला पंचा. प्रत्येक मोदकाचं बूड पाण्यात बुडवून ठेवायचं म्हणजे चिकटत नाही, एकमेकांना खेटून ठेवायचे नाहीत. १० ते १२ मिनिटं. वरून चकाकी आली आणि ओल्या बोटाने हात लावला तर चिकटलं नाही की झाले. लगेच उचलायला जाऊ नका, दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, गरम गरम उचलले तर फुटतात.

एका वाटी पिठीचे १०-११ होतात, २१ करायचे तर दोन वाट्या, पण तेव्हाही उकड एकेका वाटीचीच काढा, दोनदा. दोन वाट्यांची उकड एकदम काढली की पहिला अर्धा भाग संपेपर्यंत दुसरा सुकतो.

उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं आणि मीठ वाटून घाला, कोथिंबीर घाला, चपट्या करून वाफवा, या निवगऱ्या. गोड खाऊन झाल्यावर तूप किंवा दह्याबरोबर. आमच्याकडे निवगऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम उकड उरवतात.

गौरीजेवण: पुरणपोळी

गौरी आल्या त्या दिवशी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी जेवण, म्हणजे पुरण. तुम्हाला पुरण येतंच आता, दिंडात केलंत. पोळीला ते किंचित जास्त घट्ट हवं, आणि आदल्या रात्री करून ठेवलं तर अजून छान आळतं. पाव किलो डाळ, पाव किलो गूळ, यात मध्यम १०-१२ पोळ्या होतात.

खरी गोष्ट कणकेची. दोन वाट्या कणीक बारीक चाळणीने चाळून घ्या, कोंडा अजिबात नको, कोंड्याच्या कणाशीच पोळी फुटते. त्यात अर्धी वाटी मैदा चालतो, पहिल्यांदा करताना घालाच, धीर येतो. मीठ, चिमूटभर हळद, आणि पाण्याने पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल भिजवा, जवळजवळ हाताला चिकटेल अशी. वरून ३-४ चमचे तेल ओतून दोन तास झाकून ठेवा. मग तिंबायची, म्हणजे तेलाच्या हाताने ओढायची, आपटायची, परत गोळा करायची, दहा मिनिटं तरी. झाली की ती ओढल्यावर तुटत नाही, लांबत जाते. इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं अवघड होतं, म्हणून कोणालातरी गप्पा मारायला शेजारी बसवा आणि तिंबत राहा.

पुरणाचा गोळा आणि कणकेचा गोळा हाताला सारखेच मऊ लागले पाहिजेत. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरण मधेच बसून राहतं, कडा नुसत्या कणकेच्या होतात. उलट असेल तर पुरण फाडून बाहेर येतं. पुरण सैल झालंय असं दिसलं तर परत कढईत घालून आटवा, कणीक घट्ट वाटली तर तेलपाण्याचा हात लावून अजून तिंबा.

लिंबाएवढी कणीक, त्याच्या दुप्पट पुरण (पहिल्या दोन पोळ्यांना सारखं घ्या, मग वाढवा). कणकेची वाटी करून पुरण भरा, मोदकासारखंच फिरवत तोंड मिटा, जास्तीची कणीक चिमटून काढून टाका, ठेवलीत तर तिथे जाड गाठ राहते. उंडा तांदळाच्या पिठीत घोळवून आधी हातानेच दाबून पुरण कडेपर्यंत पसरवा. मग लाटणं, अगदी हलकं, मधून कडेकडे, पोळी उलटायची नाही, पोळपाट फिरवायचा किंवा पोळी पिठीवर अलगद सरकवायची. भोक पडलं तर त्यावर चिमूटभर पिठी दाबा आणि पुढे चला.

उचलणं हा लोकांचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम असतो. पोळी लाटण्यावर अर्धी गुंडाळा आणि तव्यावर उलगडत सोडा. किंवा बटर पेपरवर लाटा आणि कागदासकट तव्यावर उलटी करून कागद सोडवा. तवा मध्यम तापलेला, एक बाजू नीट भाजली गेल्याशिवाय उलटायची नाही, खाली डाग पडले, वर फुगारा यायला लागला की दोन उलथन्यांनी उलटा. बाजूने तूप. दोनदापेक्षा जास्त उलटापालट केली की पोळी मोडते. तव्यावर पुरण सांडलं असेल तर पुढच्या पोळीआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर पुढची पोळी त्याच जागी करपते.

आणि कटाची आमटी करा, कराच. निथळलेला कट, त्यात दोन चमचे पुरण कालवा, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, तिखट, मीठ, भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून, वर मोहरी-हिंग-कढीपत्त्याची खमंग फोडणी. पातळच ठेवायची, चांगली उकळायची. गोड पोळीबरोबर ही आंबट-तिखट आमटी नसेल तर दुसरी पोळी जातच नाही. सोबत दूध आणि तूप.

पुढे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत

इथून पुढे सोपं आहे. दसऱ्याला श्रीखंड करा, पुरणयंत्र परत बाहेर काढा. १ लिटर म्हशीच्या दुधाचं दही पंचात बांधून ६-८ तास टांगायचं, ऑक्टोबरात पुण्यात दुपारी ऊन चांगलंच असतं, म्हणून फ्रिजमध्येच चाळणीवर बांधून ठेवा, बाहेर आंबट होतं. चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर मिसळून दोन तास ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा, गुळगुळीत होतं. मिक्सर लावलात की पातळ होणार. कोमट दुधात घोटलेलं केशर, वेलची, चारोळी. गुढीपाडव्याला डेअऱ्यांमध्ये चक्क्याला रांगा लागतात, तेव्हा हे घरी येत असेल तर सुटलात.

दिवाळीत पहिल्या वर्षी करंजी, शंकरपाळे आणि बेसनाचा लाडू एवढंच घ्या. करंजीला तुमचा पाकळ्या पाडलेला हात कामी येतो, फक्त पारी आणि भरलेल्या करंज्या दोन्ही ओल्या फडक्याखाली ठेवा, कडा सुकल्या की तेलात उघडतात आणि सगळं तेल खराब होतं. अनारसे एवढ्यात नको. त्याचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, मग वाळवून दळून गूळ घालून पीठ मुरवायचं, आणि तरीही तुपात सोडल्यावर ते विरघळणार नाहीत याची खात्री नाही. पुढे अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असेल तेव्हा कोणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिका.

संक्रांतीची गूळपोळी मात्र करा, पुरणपोळी येणाऱ्याला ती यायलाच हवी. साधा मऊ गूळ किसून, त्यात तीळ आणि खसखस भाजून त्यांचं कूट, थोडं बेसन तेलात खमंग भाजून, वेलची, सगळं मळून एकजीव. इथे उंडा नाही करायचा, कणकेच्या दोन लहान लाट्यांच्या मधे एक गुळाची चपटी लाटी, कडा दाबून बंद करून पिठीवर लाटायची. गूळ कडेपर्यंत पोचला पाहिजे, नाही पोचला तर नुसत्या कणकेची कड कातण्याने कापून टाका. मंद आचेवर खरपूस भाजा. तव्यावरून काढल्यावर एकावर एक ठेवू नका, आतला गूळ गरम असतो, पोळ्या चिकटतात, कागदावर वेगवेगळ्या पसरा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. बाहेरच आठवडाभर आरामात टिकतात, आणि खरं तर दुसऱ्या दिवसापासून जास्त छान लागतात, वर घट्ट साजूक तूप घेऊन.